जिब अर्ध्यात अडकते आणि धक्का समोर येतो: छोट्या कॅटामरानच्या फर्लरचं दुखणं

धक्का वीस-पंचवीस हातांवर आलेला असतो. मी पुढचं शीड, म्हणजे जिब, गुंडाळायची दोरी ओढत असतो, आणि दोन तृतीयांश गुंडाळून झालं की ती खुंटीला बांधल्यासारखी थांबते. उरलेलं कापड वाऱ्याने भरतं, बोटीचं नाक धक्क्यापासून दूर फिरतं आणि पुढे बसलेला भाचा ओरडतो, "मामा, गुंडाळंना झालंय!" दोन हंगाम हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. दर वेळी मी काहीतरी दुरुस्त करायचो, पुढचे दोन रविवार बरे जायचे आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. हे दुखणं एक नव्हतं, चार होती, हे कळायला इतका वेळ गेला. त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं जिथे मी कधी बघितलंच नव्हतं, तिथे होतं.

कोल्हापुरात शिडाची बोट कशाला, हा प्रश्न पेट्रोल पंपापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. बोट कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी जोडलेली; जुनी, किनाऱ्यावरून घेतलेली, ट्रेलरवरून घाट चढून आणलेली. होबी १६ च्या जातीची आहे: लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी सुमारे २.४ मीटर, वजन दीडशे किलोच्या आत, जिब साधारण ५ चौरस मीटरची. रंकाळ्यावर हिची हौस करायचा विचार सुरुवातीला केला होता. पण भोवतीच्या इमारती आणि झाडांमुळे तिथला वारा तुटक येतो, शिवाय जलपर्णीचा त्रास. म्हणून परवानगीचे सोपस्कार करून दूधगंगेच्या खोऱ्यातल्या धरणाच्या एका फुगवट्यावर ती नेतो, आणि थंडीत आठवडाभर मालवणला. काम मात्र सगळं शहरात, शिवाजी उद्यमनगरच्या लेथवर. ज्या गल्ल्यांनी शेतीपंपांची ऑईल इंजिनं घडवली त्यांना फर्लरचा, म्हणजे शीड गुंडाळायच्या यंत्राचा, ड्रम काय जड, असं मला वाटलं होतं. ड्रम जड गेला नाहीच. चूक माझ्या डोक्यातल्या चित्रात होती.

फर्लर बसवलाच का, ते थोडक्यात. कॅटामरानला वजन नाही, म्हणजे गतीची शिल्लक नाही. जड लाकडी होडी वल्हं थांबवल्यावरही दहा-पंधरा हात सरकत जाते. ही शीड सोडल्याबरोबर थबकते आणि मग वारा सांगेल तिकडे जाते. धक्क्याशी येताना जिब उभी असेल तर नाक वाऱ्यापासून लांब ढकललं जातं, म्हणजे तुम्हाला वळायचं असतं नेमकं त्याच्या उलट. वर फडफडणाऱ्या कोपऱ्यातली कडी कपाळाशी खेळते ते वेगळंच. जिब खाली उतरवायची तर एकाने पुढे जावं लागतं. तो पुढे गेला की नाक पाण्यात रुततं, आणि उतरवलेलं कापड ट्रॅम्पोलिनवरून, म्हणजे दोन होड्यांमध्ये ताणलेल्या बसायच्या कापडावरून, घसरून पाण्यात लोळतं. मागे बसल्या जागेवरून एक दोरी ओढून जिब चटईसारखी गुंडाळता आली तर हे सगळं वाचतं. खाली, शिडाच्या पुढच्या कोपऱ्याशी, एक फिरता ड्रम. वर, शिडाच्या टोकाशी, एक स्विव्हल, म्हणजे वरचा अर्धा भाग स्थिर आणि खालचा अर्धा फिरता अशी कडी. मध्ये शिडाच्या पुढच्या कडेत शिवलेली तार. ड्रम फिरला की तार फिरते, तारेभोवती कापड. यंत्र एवढंच.

एक शब्द आधी मिटवून टाकू. जिबच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेल्या दोरीला खलाशी शीट म्हणतात. शीड आणि शीट यांनी मराठीत नुसता गोंधळ होतो, म्हणून पुढे तिला ओढदोरी म्हणतो.

पहिला संशय ड्रमवर गेला, कारण हात तिथेच होता. संशय अगदीच खोटा नव्हता. आमचा पहिला ड्रम मी अंदाजाने बनवून घेतला होता: गाभा ४ सेंटीमीटर, आतली रुंदी २, बाहेरच्या चकत्या ८ सेंटीमीटर व्यासाच्या, दोरी ६ मिलिमीटरची, हाताला चांगली लागते म्हणून. एकदा घरी ट्यूबलाइटखाली कागद घेऊन बसलो तेव्हा हसावं की रडावं कळेना. जिबची खालची कड १.८ मीटर. गुंडाळी सुरुवातीला बारीक असते, शेवटी जाड होते. सरासरी व्यास ५ सेंटीमीटर धरला तर एका फेऱ्यात साधारण १६ सेंटीमीटर कापड आत जातं. म्हणजे अकरा-बारा फेरे. त्यावर ओढदोऱ्यांचे तीन वेढे हवेतच, नाहीतर रात्री वाऱ्याने गुंडाळी सुटते. झाले पंधरा. एक-दोन शिलकीला ठेवले की सतरा. आणि माझ्या ड्रममध्ये ६ मिलिमीटरची दोरी एका थरात तीन फेरे बसायची, चकतीच्या काठापर्यंत तीन थर. नऊ फेरे, फार तर दहा. उरलेली दोरी चकतीवरून बाहेर सांडायची आणि दांड्यात अडकायची.

नवा ड्रम आतून ३ सेंटीमीटर रुंद केला, दोरी ५ मिलिमीटरची घेतली. एका थरात सहा फेरे, तीन थरांत सतरा-अठरा, आणि चकतीचा काठ अजून मोकळा. ड्रमवर साधारण ३ मीटर दोरी जाते. मागे हातापर्यंत यायला लागेल ती वेगळी. पातळ दोरी तळहाताला कापते, म्हणून हातात येणारा शेवटचा भाग जाड आवरण चढवून घेतला. दोरीचं आतलं टोक गाभ्याला भोक पाडून गाठीने अडकवलंय. नुसत्या वेढ्यांच्या भरवशावर राहू नका, रिकाम्या ड्रमवर ती घसरते.

पण फेरे मावले म्हणून दोरी नीट बसेलच असं नाही. जिब उलगडताना ड्रम उलटा फिरतो आणि दोरी आपोआप आत ओढली जाते. वारा जिबला झटक्यात उलगडतो. तेव्हा दोरी सैल सोडलेली असेल तर ती गुंत्यासारखी आत पडते, वरचा फेरा खालच्याखाली दबतो, आणि परत ओढताना तिथेच गचका बसतो. भोवरा खेळलेल्याला हे सांगावं लागत नाही. जाळी ढिली गुंडाळली तर भोवरा फिरत नाही, पायावर पडतो. उलगडताना दोरी मुठीतून हलक्या ताणाने जाऊ द्यायची, एवढीच शिस्त. ती मी भाच्याला शिकवली आणि स्वतः चार वेळा विसरलो. शिवाय दोरी ड्रममध्ये शिरते ती ड्रमच्या अक्षाशी काटकोनात आणि चकत्यांच्या बरोबर मधोमध शिरायला हवी. आमची पहिली कप्पी बोटीच्या पुढच्या आडव्या नळीवर होती, ड्रमपेक्षा चार बोटं खाली. त्यामुळे दोरी सगळी तळच्या चकतीशी ढीग करायची. कप्पी वर उचलली आणि तो ढीग गेला.

इथे एक लक्षण नोंदवून ठेवा. जिब शेवटच्या दोन-तीन फुटांवर थांबते आणि त्याच वेळी ड्रमकडे बघितलं तर दोरी संपलेली दिसते, तर दोष फेऱ्यांच्या हिशोबाचा. दोरी शिल्लक आहे पण ओढली जात नाही, तर दोष दुसरीकडे. हे दोन मी एकच समजत होतो.

बेअरिंगचं प्रकरण

नव्या ड्रमवर महिनाभर मजेत गेला. मग फिरणं जड झालं. जड म्हणजे सलग जड नव्हे. खडखड, अडत-अडत, दाते असल्यासारखं. ड्रम उघडून मिस्त्रींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बेअरिंग दोन बोटांत फिरवलं आणि मला म्हणाले, "साहेब, ह्ये पंप्याचं बेअरिंग हाय. तुम्ही त्याला टांगून घेतलंय."

बरोबर होतं. मीच ६००० नंबरचं बेअरिंग सांगितलं होतं, १० मिलिमीटर भोक, २६ बाहेरचा व्यास, ८ जाडी. कुठल्याही दुकानात मिळतं. पण ते मुख्यतः आडव्या भारासाठी, म्हणजे दांडा बाजूला दाबला जातो तेव्हा. फर्लरमध्ये भार दांड्याच्या दिशेने सरळ वर खेचतो. कॅटामरानची डोलकाठी नुसती उभी नसते, तारांनी ताणलेली असते. जिब चढवून कडक केली की तो ताण शंभर किलोच्या पुढे सहज जातो, वर वाऱ्याचे झटके. एवढ्या भाराखाली छोट्या गोळ्यांनी खाचेत बारीक खड्डे पाडले होते. प्रत्येक खड्ड्यात गोळी बसायची आणि उठायला वेगळा जोर मागायची. तीच ती खडखड.

थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दांड्याच्या दिशेचा भार पेलणारं, घातलं, ५११०० नंबरचं: भोक तेच १० मिलिमीटर, बाहेरचा व्यास २४, जाडी ९. बाकी रचना थोडी बदलून त्याच जागेत बसलं. हे साधं पोलादी असतं, पाण्यात गंजतं. म्हणून वर ओ-रिंगची टोपी, आत भरपूर ग्रीस, आणि हंगामाच्या सुरुवातीला डोळे झाकून नवं. फार महाग नाही. मालवणहून परत आलं की ड्रम गोड्या पाण्याच्या बादलीत फिरवून धुतो. प्लास्टिकच्या गोळ्यांवर फिरणारे तयार फर्लर मिळतात. त्यांना उलट ग्रीस लावायचं नसतं, ग्रीसला गाळ चिकटतो. नुसतं पाणी मारायचं. दांडा ३१६ स्टेनलेसचा घ्या. ३०४ धरणाच्या पाण्यात चालून जातो, पण खाऱ्या पाण्यात त्याच्यावर महिन्याभरात तपकिरी डाग येतात.

या दुरुस्तीनंतर मी मिस्त्रींना जिलेबी नेऊन दिली. जिलेबी लवकर नेली.

वर बघा

तिसऱ्या रविवारी जिब पुन्हा थांबली. दोरी शिल्लक, ड्रम लोण्यासारखा, आणि तरीही थांबली. मी जोर लावला. भाचाही मागे येऊन जोर लावू लागला. दोघांनी मिळून ओढली तेव्हा वर कुठेतरी करकर झालं आणि बोट धक्क्याला न लागता बाजूच्या गाळात शिरली. त्या दिवशी पहिल्यांदा मी भाच्याला म्हटलं, "तू आडवा झोप आणि फोनवर वरचं शूटिंग घे. दोरी मी ओढतो."

रात्री घरी ते चित्रण बघितलं. खालचं सगळं ठीक होतं. वर, डोलकाठीवरच्या कप्पीपासून स्विव्हलपर्यंत हॅलियर्डचा, म्हणजे जिब वर चढवायच्या दोरीचा, हातभर उघडा तुकडा होता, आणि तो फोरस्टेभोवती, म्हणजे डोलकाठीला पुढून धरून ठेवणाऱ्या तारेभोवती, वेणी घातल्यासारखा गुंडाळत चालला होता. एक वेढा, दोन, अडीच, आणि मग खट्ट. आम्ही खाली जोर लावत होतो आणि वर गळफास आवळत होतो.

कारण समजलं की अगदी सोपं आहे. स्विव्हल कधी फिरतं? त्याचा वरचा अर्धा भाग कोणीतरी घट्ट धरून ठेवला तर. तो धरायचं काम हॅलियर्ड करतं. पण दोरीला पिळाचा विरोध नसतोच. उघडा तुकडा हातभर असेल, तर स्विव्हल फिरण्याऐवजी दोरीच पीळ खाते. त्यात हॅलियर्ड फोरस्टेला चिकटून, जवळजवळ समांतर जात असेल, तर तो पीळ जाऊन तारेला मिठी मारतो. छोट्या कॅटामरानवर हे हमखास घडतं, कारण फोरस्टे, बाजूच्या तारा आणि जिबची कप्पी सगळं डोलकाठीवरच्या एकाच पट्टीला अडकवलेलं असतं.

आमच्या जिबची उंची मुळात कमी. जुनी जिब एकदा कापून लहान केलेली, हे घेताना कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे वर जागा उरायची आणि ती हॅलियर्डने भरून निघायची. उपाय: जागा हॅलियर्डने न भरता तारेने भरायची, आणि ती तार स्विव्हलच्या खाली घालायची. शिडाचं टोक आणि स्विव्हल यांच्यामध्ये ३२ सेंटीमीटरचा तारेचा जोड टाकला. स्विव्हल वर कप्पीच्या अगदी जवळ गेलं, उघडी दोरी चार बोटं उरली. कप्पी पट्टीच्या मधल्या भोकातून काढून फोरस्टेपासून जितकी लांब घेता येईल तितकी घेतली. मोठ्या बोटींवर हॅलियर्ड आणि फोरस्टे यांच्यात दहाएक अंशांचा कोन ठेवतात, तो इथे पुरता मिळत नाही. पण उघडा तुकडा आखूड झाला की कमी कोनातही काम भागतं. मापाला दोरी लावून बघा. जोड इतका लांब करू नका की स्विव्हल कप्पीला टेकेल. टेकलं की ताण येणारच नाही, आणि त्याचं वेगळं दुखणं सुरू होईल.

करकर झाली होती तिचा हिशोबही लगेच कळला. दुसऱ्या दिवशी डोलकाठी उतरवली तर फोरस्टेच्या वरच्या टोकाशी दोन बारीक तारा तुटून उभ्या राहिल्या होत्या. अजून चार-पाच जोरदार ओढण्या आणि अख्खी डोलकाठी आमच्या अंगावर आली असती. म्हणून या लिखाणातलं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल: जिब अडकली तर दोरी आणखी ओढू नका. उलट सोडा, अर्धी उलगडू द्या, वर बघा, मग पुन्हा ओढा. पैलवान अडलेल्या डावात जोर लावत नाही, डाव बदलतो. कोल्हापुरात राहून मला एवढं कळायला हवं होतं.

पीळ खालून वर जातो का?

चौथी गोष्ट निघाली ती वरच्या दुरुस्तीनंतर. जिब आता पूर्ण गुंडाळायची, पण खाली घट्ट आणि वर सैल. टोकाशी एक पिशवी राहायची, त्यात वारा भरायचा आणि बोट धक्क्याला बांधल्यावरही ओढ घ्यायची. कारण ड्रम खाली फिरतो तेवढाच टोकाशीही फिरायला हवा, आणि हे काम शिडाच्या पुढच्या कडेतली तार करते. तार जितकी लवचिक, तितकी ती स्वतः पीळ खाते आणि वरचं टोक मागे राहतं. आमच्या जिबमध्ये ७×१९ विणीची ३ मिलिमीटरची तार होती, कप्पीवरून जाण्यासाठी बनवलेली, हाताने गोल वळवता येते अशी. ती काढून १×१९ ची ४ मिलिमीटरची घातली. ही ताठ असते, पिळाला बरीच दाद देत नाही. आता खालच्या बारा फेऱ्यांमागे टोक अर्ध्या फेऱ्याने मागे असतं. चालतं.

तार बदलूनही ती सैल राहिली तर काही उपयोग नाही. शिडाच्या पुढच्या कडेला वाऱ्यात बाजूला पोट येत असेल तर ती गुंडाळताना दोरीउड्यांच्या दोरीसारखी घुमते. हॅलियर्ड इतकं ताणा की जिबच्या तारेने ताण घ्यावा आणि फोरस्टे थोडा ढिला पडावा. पण फार ढिला पडला की तोच लोंबता फोरस्टे गुंडाळीत सापडतो, म्हणून आम्ही त्याला खालच्या टोकाशी रबरी दोरीने हलका ताण देऊन पुढे ओढून ठेवलाय. कुरूप दिसतं. काम करतं.

आणि शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या. जिबमध्ये आडव्या पट्ट्या घातलेल्या असतील तर ती गुंडाळणारच नाही. पट्टी मोडेल किंवा कापड फाटेल. पट्ट्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, किंवा नकोतच. आमच्या पट्ट्यांचे खिसे ताडपत्री शिवणाऱ्याकडून उसवून घेतले आणि मागची कड किंचित आत वळवून कापली, नाहीतर पट्टीविना ती फडफडते. त्याने ट्रकची ताडपत्री शिवायच्या मशिनवर हे काम तासाभरात केलं आणि शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की हा मांडवाचा पडदा आहे.

हे सगळं जमिनीवर तपासता येतं. बोट ट्रेलरवर, डोलकाठी उभी, हलक्या वाऱ्यात वीस वेळा गुंडाळा-उलगडा आणि खाली झोपून वर बघा. मात्र एक गोष्ट जिवाची आहे. डोलकाठी अॅल्युमिनियमची, आठ मीटर उंच. आपल्याकडे शेताच्या बांधावरून, वस्तीच्या रस्त्यावरून विजेच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्हाला माहीत आहे. होबीने अशाच धोक्यामुळे डोलकाठीचा वरचा भाग फायबरग्लासचा द्यायला सुरुवात केली होती. आमची जुनी, अख्खी धातूची. डोलकाठी उभी करण्याआधी एकाने फक्त वर बघत पूर्ण वाटेवरून चालून यायचं, पाण्याच्या काठापर्यंत. आणि उभ्या डोलकाठीने ट्रेलर हलवायचा नाही, दहा फूटसुद्धा.

धक्क्याला येताना

फर्लर नीट चालू लागल्यावर एक नवीन धडा मिळाला. जिब गुंडाळली की ही बोट नुसत्या मोठ्या शिडावर वाऱ्याच्या आरपार वळत नाही. अर्ध्यात थांबते आणि उलटी सरकू लागते. म्हणून शेवटचं वळण जिब असतानाच घ्यायचं. वळलो, नाक धक्क्याच्या रोखाने आलं, बोटीच्या चार-पाच लांबी शिल्लक आहेत, तेव्हा गुंडाळायचं. आधी नव्हे. गुंडाळताना ओढदोरी ढिली सोडायची, पण हातातून जाऊ द्यायची नाही. थोडा ताण ठेवला की गुंडाळी आवळून बसते. मग मोठं शीड ढिलं करून हळू हळू वाऱ्याच्या खालच्या अंगाने यायचं आणि शेवटच्या दोन लांबींत नाक सरळ वाऱ्यात. मोठं शीड एकटं असलं की नाक आपोआप वाऱ्याकडे वळू बघतं. एरवी ती खोड त्रासाची, इथे ती तुमच्या बाजूने काम करते. बोट थबकते, भाचा उतरतो. वेळ चुकली आणि उलटं सरकू लागलो तर सुकाणू उलट्या बाजूला, एवढं लक्षात ठेवायचं.

वारा धक्क्याच्याच दिशेने वाहत असेल तर हे चालत नाही. तेव्हा आम्ही लांबच, खुल्या पाण्यात, नाक वाऱ्यात ठेवून मोठं शीड उतरवतो आणि नुसत्या जिबवर वाऱ्याबरोबर येतो. मग जिब थोडी थोडी गुंडाळत वेग कमी करतो, रिक्षाचा ब्रेक दाबावा तसा. एरवी अर्धी गुंडाळलेली जिब घेऊन बोट चालवू नका. हा फर्लर शीड लहान करण्यासाठी नाही, आहे-नाही एवढंच त्याला कळतं. वाऱ्याविरुद्ध जाताना अर्ध्या गुंडाळीवर सगळा पीळ त्या एका तारेवर येतो.

दोरी अडकवायचा क्लीट पुढच्या आडव्या नळीच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी हात पोचेल असा. तो सुटला तर धक्क्यावर बांधलेल्या बोटीची जिब फटकन उलगडते, म्हणून क्लीटच्या मागे एक साधी गाठ मारतो. एप्रिल-मे मध्ये ही गाठ म्हणजे वळवाचा विमा. दुपारी तीनपर्यंत मंद पश्चिमेचा वारा असतो, मग आभाळ काळं होतं आणि पाच मिनिटांत धुळीचा लोट उलट्या दिशेने येतो. अशा दिवशी गुंडाळलेली जिबसुद्धा वर ठेवू नका. उतरवून पिशवीत घाला. गुंडाळीत वारा शिरायला बोटभर फट पुरते.

मे मध्ये आणखी एक कटकट: फुगवट्याचं पाणी उतरत जातं आणि आमचा पिंपांवरचा तरंगता धक्का दर पंधरवड्याला पुढे ढकलावा लागतो. जागा बदलली की वाऱ्याचा कोन बदलतो, आणि गुंडाळायची जागा पुन्हा नव्याने ठरवावी लागते. आम्ही काठावरच्या एका बाभळीची खूण धरतो. या वर्षी ती बाभूळ कोणीतरी सरपणाला नेली.

नवी जिब शिवून घ्यायचं चाललंय. ती मूळ उंचीची असेल, म्हणजे वरचा ३२ सेंटीमीटरचा जोड काढावा लागेल. भाच्याने जोडाला आत्ताच लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे, मामा विसरतील म्हणून.